रेड नदीवरचा मोठा कॅटफिश आणि आमचा ऑगस्टचा बेत

माझा आतेभाऊ येत्या ऑगस्टमध्ये भिलवडीहून तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे कॅनडातल्या विनिपेगला येत आहे. त्याने नायगाराचे किंवा रॉकी पर्वताचे नावही काढलेले नाही. रेड नदीतला एक मोठा चॅनल कॅटफिश स्वतःच्या गळाला लागलेला त्याला पाहायचा आहे, एवढेच त्याने मागितले आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याकडे गेले की कृष्णेच्या घाटाखाली त्यानेच माझ्या हातात बांबूची काठी दिली होती. गांडूळ गळावर कसे ओवायचे ते त्याने शिकवले, आणि शिंगाळ्याचा काटा माझ्या तळहातात गेला तेव्हा घरी नेऊन हळद दाबणाराही तोच होता. त्यामुळे हा बेत मी फेब्रुवारीतच, नदीवर अजून बर्फ असताना, वहीत उतरवायला घेतला. आता बहुतेक निर्णय झाले असल्यामुळे ते कारणांसह येथे लिहून ठेवते आहे.

चॅनल कॅटफिश हा आपल्या शिंगाळ्याचा दूरचा नातेवाईक. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत ताठ काटे, आणि शेपटी खोल दुभंगलेली. लहानपणी त्याच्या अंगावर काळे ठिपके असतात. वय वाढते तसे ते पुसट होतात आणि मोठा मासा एकसारखा राखाडी दिसू लागतो. त्याच्या चवीच्या पेशी जिभेपुरत्या मर्यादित नसतात. त्या मिशांवर आणि साऱ्या कातडीवर पसरलेल्या असतात, त्यामुळे गढूळ पाण्यात त्याला डोळ्यांची फारशी गरज पडत नाही. अंगाने चव घेत घेत तो खाद्याच्या दिशेने सरकतो. पुढे आमिषाविषयी जे काही लिहिणार आहे ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

या जातीचा जागतिक विक्रम १९६४ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलायनाच्या सँटी-कूपर जलाशयात नोंदला गेला. तो मासा ५८ पौंडांचा, म्हणजे २६ किलोंहून अधिक वजनाचा होता, आणि साठ वर्षे उलटली तरी तो विक्रम कुणी मोडलेला नाही. मात्र एखादाच राक्षसी मासा मिळणे वेगळे आणि सामान्य माणसाला दोन-तीन दिवसांत खरोखर मोठा मासा मिळण्याची वाजवी आशा असणे वेगळे. त्या दुसऱ्या गोष्टीसाठी उत्तर अमेरिकेतले गळवाले रेड नदीचे नाव घेतात. ही नदी नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा यांच्या सीमेवरून सरळ उत्तरेकडे वाहते, विनिपेग शहरातून जाते आणि सुमारे ८८५ किलोमीटरचा प्रवास करून विनिपेग सरोवराला मिळते. अमेरिकेच्या हद्दीतले ड्रेटन हे छोटे गावसुद्धा स्वतःला कॅटफिशची राजधानी म्हणवून घेते. आमच्या बाजूच्या सेल्कर्क गावाने तर मुख्य रस्त्यावर चक नावाच्या कॅटफिशचा भला मोठा पुतळाच उभा केला आहे. दादाचा पहिला फोटो त्या पुतळ्यापाशी काढायचा असे माझ्या मुलीने परस्पर ठरवून टाकले आहे.

मोठा म्हणजे किती मोठा, हे आधी ठरवणे आवश्यक होते, कारण त्यावर साधने, जागा आणि दिवस सगळेच अवलंबून असते. आमच्या मॅनिटोबा प्रांतात मास्टर अँगलर नावाची योजना आहे. ठरलेल्या लांबीहून मोठा मासा पकडणाऱ्याची त्यात नोंद होते, आणि चॅनल कॅटफिशसाठी ही लांबी ८६ सेंटीमीटर आहे. आम्ही तेच लक्ष्य धरले आहे. एवढ्या लांबीचा रेड नदीतला मासा पोटाने चांगलाच रुंद असतो आणि साधारण आठ-नऊ किलो भरतो.

परंतु मला त्याच्या वजनाहून त्याचे वय अधिक महत्त्वाचे वाटते. दक्षिणेकडच्या उबदार तळ्यांत हाच मासा दीड-दोन वर्षांत बाजारात विकण्याजोगा होतो. येथे नदी वर्षातले चार-पाच महिने बर्फाखाली असते, मासा खोल डोहात जवळजवळ उपाशी पडून राहतो आणि वाढ केवळ उन्हाळ्यात, थोडी थोडी होते. झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळे त्याच्या परातील काट्याच्या आडव्या छेदात दिसतात आणि त्यांवरून वय मोजता येते. अशा मोजणीत येथील मोठे मासे वीस वर्षांहून अधिक वयाचे निघालेले आहेत. मला विनिपेगला येऊन चौदा वर्षे झाली. म्हणजे आम्ही जो मासा शोधायला निघालो आहोत तो मी येण्याआधीपासून या नदीत आहे. असा मासा मेला तर त्याची जागा भरायला तेवढीच वर्षे लागतात, आणि म्हणूनच मासा जिवंत परत सोडण्याची तयारी आमच्या बेतात मासा पकडण्याच्या तयारीइतकीच जागा व्यापून आहे.

वेळेचा निर्णय सर्वांत कठीण होता. वसंतात माशांच्या विणीसाठी मासेमारी बंद असते आणि ती मेच्या मध्याच्या सुमारास खुली होते, तेव्हा पाणी थंड आणि बहुधा पुराचे असते. जून हा अनेकांचा आवडता महिना आहे, कारण विणीपूर्वी कॅटफिश अधाशासारखा खातो आणि गाभोळीने भरलेल्या माद्या वजनालाही सर्वाधिक असतात. त्यानंतर पाणी पुरेसे तापले की नर एखादी कपार, बुडालेला ओंडका किंवा काठाखालची पोकळी निवडतो, मादी तेथे अंडी घालते आणि निघून जाते. अंड्यांवर परांनी पाणी ढवळत, त्यांना प्राणवायू पुरवत, पहारा देत बसतो तो बाप. या काळात तो फारसे खात नाही आणि त्याला तेथून ओढून काढणे म्हणजे अख्खी वीण उघड्यावर टाकणे होय. दादाला जूनच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये सुट्टी मिळू शकत होती. जूनच्या शेवटी गेलो असतो तर आम्ही नेमके या पहाऱ्याच्या तोंडावर पोहोचलो असतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात वीण पूर्ण झालेली असते, रात्री थंडावू लागतात, पाणी वीस अंशांच्या आसपास उतरते आणि मासा येणाऱ्या हिवाळ्यासाठी पुन्हा खाऊ लागतो. म्हणून ऑगस्टचा शेवटचा आठवडा निश्चित केला. डासही तोवर बरेच कमी झालेले असतात, आणि ज्याने जुलैतली विनिपेगची संध्याकाळ काढली आहे त्याला याचे मोल कळेल.

जागेबद्दल मात्र विचार करावा लागला नाही. विनिपेगच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर लॉकपोर्ट आहे. तेथील सेंट अँड्र्यूज धरण आणि जलपाश (पाण्याची पातळी बदलून जहाजांना वर-खाली नेणारी बंदिस्त वाट) १९१० साली पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिये यांच्या हस्ते खुले झाले. नदीतले खडकाळ खळाळ ओलांडून जहाजांना सरोवरापासून विनिपेगपर्यंत येता यावे, हा त्यामागचा उद्देश होता. या धरणाला आपल्याकडच्यासारखी दारे नाहीत. लाकडी पट्ट्यांचे पडदे पाण्यात सोडून नदी अडवली जाते, आणि हिवाळ्यापूर्वी ते पडदे गुंडाळून वर घेतले जातात. धरणाखाली पाणी फेसाळते, त्यात प्राणवायू भरपूर मिसळतो, वर जाऊ पाहणारे छोटे मासे तेथे अडून राहतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे येतात. उन्हाळ्यात शेकडो पांढरे पेलिकन त्याच कारणाने तेथे जमलेले दिसतात. नदीकाठच्या एका जुन्या वस्तीस्थळाचे नाव केनोसेवुन आहे. क्री भाषेत त्याचा अर्थ पुष्कळ मासे असा होतो, आणि युरोपीय लोक येण्यापूर्वी तेथे मक्याची शेती होत असल्याचे पुरावे उत्खननात सापडले आहेत. म्हणजे या वळणावर माणसे मासे पकडत आली आहेत ती धरणाच्या कितीतरी आधीपासून.

धरणाच्या पायथ्याशी गर्दी असते आणि पाणी ओढ घेणारे असते, म्हणून मुख्य दोन दिवस आम्ही लॉकपोर्ट ते सेल्कर्क या दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात बोटीने काढणार आहोत. तेथे नदी वळते, बाहेरच्या वळणाला डोह पडतात, पुरात वाहून आलेली झाडे तळाशी रुतून बसतात. मोठा कॅटफिश डोहाच्या अगदी मध्यभागी क्वचितच खातो. तो बहुधा डोहाच्या वरच्या अंगाला, उथळ तळ जेथे खाली उतरू लागतो त्या उतारावर असतो, कारण प्रवाहाबरोबर येणारे खाद्य सर्वप्रथम तेथे पोहोचते. म्हणून बोट त्या उताराच्याही वर, प्रवाहाच्या दिशेला तोंड करून नांगरायची आणि आमिष खाली सोडायचे. नांगर नेहमी बोटीच्या पुढच्या टोकाला बांधावा. मागच्या टोकाला बांधला तर प्रवाह बोटीत पाणी भरू शकतो, आणि हा नियम मी दादालाच नव्हे तर बोटीवर प्रथमच येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवायची की अनुभवी मार्गदर्शक ठरवायचा, यावर घरी बरीच चर्चा झाली. माझ्या नवऱ्याकडे मोटरबोट चालवण्याचे प्रमाणपत्र आहे, परंतु पाण्याखालची झाडे दर पुरानंतर जागा बदलतात, आणि त्या पट्ट्याची चालू वर्षाची ओळख असलेला माणूस सोबत असणे खर्चाच्या मानाने योग्य आहे, असे माझे मत पडले. दोन दिवस मार्गदर्शकासह बोट आणि तिसरा दिवस लॉकपोर्टच्या काठावरून, असे ठरले. बोटीवर प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट असावेच लागते. आमच्याकडे ते केवळ ठेवलेले नसते, दिवसभर अंगावर असते.

एका गोष्टीचा हिशेब नवखा माणूस करत नाही, तो म्हणजे उत्तरेकडचा वारा. विनिपेग सरोवर लांब आणि उथळ आहे. उत्तरेकडून जोराचा वारा सुटला की तो सरोवराचे पाणी दक्षिण टोकाला लोटतो, ते पाणी नदीच्या मुखातून उलटे चढते आणि सेल्कर्कपर्यंत पातळी वाढून प्रवाह मंदावतो. प्रवाह मंदावला की आमिषाचा वास खालच्या अंगाला वाहून जात नाही आणि मासाही आपली जागा सोडतो. म्हणून मी हवामानाच्या अंदाजात पावसाआधी वाऱ्याची दिशा पाहते, आणि मार्गदर्शकाशी बोलताना दोन दिवस सलग न ठेवता मध्ये एका दिवसाचे अंतर ठेवून घेतले आहे.

साधनांविषयी लिहिताना मागच्या ऑगस्टमधली एक गोष्ट सांगणे भाग आहे. एका मैत्रिणीसोबत मी काठावरून वॉलाय नावाच्या माशासाठी गळ टाकून बसले होते. काठी हलकी आणि तंगूस बारीक होते, आणि त्याला कॅटफिश लागला. बारीक तंगूस तुटू नये म्हणून मी त्याला जवळजवळ अर्धा तास खेळवत राहिले, आणि तेव्हा मला त्या कौशल्याचा अभिमानही वाटला. मासा ९१ सेंटीमीटरचा निघाला. आम्ही तो वाळूवर ठेवून मोजला, फोटो काढले, पुन्हा एकदा काढले, आणि मग पाण्यात सोडला. तो खाली गेला. दहा मिनिटांनी थोड्या अंतरावर तोच मासा पोट वर करून वाहत जाताना दिसला. कोमट पाण्यात मासा जितका अधिक वेळ झुंजतो तितका त्याच्या स्नायूंत आम्लाचा भार साचतो, आणि त्यानंतर पाण्याबाहेर काढलेले प्रत्येक मिनिट त्याला अधिक महाग पडते. हे मी वाचलेले होते, तरीही त्या दिवशी मी ते पाळले नाही. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

म्हणून या वेळी साधने जड आहेत. सात-साडेसात फुटांच्या मजबूत काठ्या, ५० पौंडांची विणीव दोरी, तिच्या टोकाला जाड नायलॉनचे वीतभर तंगूस आणि त्याच्या वरच्या बाजूला दोरीवर मोकळे सरकणारे तीन-चार औंसांचे चपटे शिसे. गोल शिसे प्रवाहात लोळत राहते. चपटे तळाशी बसते. तंगूस आखूड ठेवण्याचे कारण असे की आमिष तळाजवळ स्थिर राहते आणि गळ खोल गिळला जाण्याची शक्यता कमी होते. गळ वर्तुळाकार, मोठ्या मापाचे. या गळाची रचनाच अशी असते की मासा आमिष घेऊन वळला की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. त्यासाठी माणसाने एकच गोष्ट करायची असते, ती म्हणजे झटका न देणे. काठी धारकात असू द्यावी, ती पूर्ण वाकून राहिली की मग हातात घेऊन रीळ गुंडाळायला लागावे. कृष्णेवर चाळीस वर्षे हिसका मारण्याची सवय झालेल्या दादाला हे सर्वांत जड जाणार आहे. मी त्याला दूरध्वनीवर तीनदा सांगितले आहे, आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला, “अगं, हात आपोआप उठतो, मी काय करू?”

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा मॅनिटोबात चालत नाही. तो नसलेलाच गळ घ्यावा लागतो किंवा पकडीने काटा दाबून पूर्ण सपाट करावा लागतो. दोरी सतत ताणलेली ठेवली तर काट्याविना मासा सुटत नाही, आणि सोडवताना गळ क्षणात निघतो. शिवाय खुल्या, म्हणजे बर्फ नसलेल्या पाण्यात एका माणसाला एकच दोरी टाकता येते, त्यामुळे चार काठ्या लावून वाट पाहत बसण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दादासाठी कॅनडाबाहेरील व्यक्तीचा परवाना घ्यायचा आहे. परवान्यांत नियमित आणि संवर्धन असे दोन प्रकार आहेत. दुसरा स्वस्त असतो आणि त्यात घरी नेण्याच्या माशांची मर्यादा कमी असते. आम्ही तोच घेणार आहोत. साठ सेंटीमीटरपेक्षा मोठा चॅनल कॅटफिश येथे ठेवता येत नाही, तो सोडावाच लागतो, आणि हा नियम मला मनापासून योग्य वाटतो. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात प्रांताची चालू वर्षाची पुस्तिका पुन्हा वाचायची, अशी नोंद वहीत केलेली आहे.

आमिषासाठी सर्वोत्तम म्हणजे याच नदीतला गोल्डआय. हाच चंदेरी मासा धुरावून विनिपेगची खासियत म्हणून विकला जातो. तो ताजा हवा. सकाळी अर्धा तास बारीक गळ आणि गांडूळ घेऊन उथळ पाण्यात बसले की पुरेसे गोल्डआय मिळतात. मग त्यांचे दोन-तीन बोटे रुंदीचे तुकडे करायचे, आणि डोके फेकायचे नाही, कारण मोठा कॅटफिश पुष्कळदा डोक्यालाच येतो. रक्ताचा वास धुऊन गेलेला तुकडा प्रवाहात निरुपयोगी असतो, म्हणून वीस मिनिटांनी तो बदलायचा. दोनदा बदलूनही हालचाल नसेल तर नांगर उचलायचा आणि पुढच्या डोहावर जायचे. या माशासाठी दिवसभर एकाच जागी बसून राहणारे लोक मी पाहिले आहेत. संयम हा गुण खरा, परंतु मासा जेथे नाही तेथे तो कामाला येत नाही. गोल्डआय न मिळाल्यास दुकानातली गोठवलेली कोळंबी सोबत असेल. आपण जी हळद-मीठ लावून तव्यावर परततो ती कोळंबी कॅटफिशच्या तोंडी देताना मला दर वेळी थोडे चुकल्यासारखे होते, पण ती चालते.

आता मासा हातात आल्यानंतरचे. मोठ्या तोंडाचे, गाठी नसलेले रबरी जाळे घेतले आहे. बोटीत ओली चटई अंथरलेली असेल, मोजपट्टी तिच्यावर आधीच चिकटवलेली असेल, पकड उजव्या हाताला असेल आणि फोटो काढणारी व्यक्ती, म्हणजे माझी मुलगी, मासा जाळ्यात असतानाच तयार उभी असेल. मासा जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही. त्याचे स्वतःचेच वजन पाण्याबाहेर त्याच्या आतल्या अवयवांवर येते. एक हात जबड्याशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा, आणि आपण बसलेले, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडणार नाही. कल्ल्यांत बोटे घालायची नाहीत. काट्यांकडे लक्ष ठेवायचे, कारण तो ते ताठ करून कुलूप लावल्यासारखे अडकवतो; याचा अनुभव माझ्या तळहाताने भिलवडीलाच घेतला आहे. लांबी मोजायची, दोन फोटो काढायचे, आणि एका मिनिटाच्या आत तो परत पाण्यात. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरायचा आणि स्वतःच्या शक्तीने शेपटी मारून निघेपर्यंत हात काढायचा नाही. आम्ही घरी याची तालीम केली. सहा किलोंच्या तांदळाच्या पोत्याला मासा मानून मुलीने घड्याळ लावले, आणि पहिल्या खेपेला मला एक मिनिट चाळीस सेकंद लागले. आता पन्नास सेकंदांवर आले आहे.

परतताना बोट, नांगर, जाळी सगळे स्वच्छ करून, पाणी काढून, कोरडे करणे हे येथे कायद्याने बंधनकारक आहे. २०१३ मध्ये विनिपेग सरोवरात झेब्रा शिंपला आढळला आणि त्यानंतर तो रेड नदीतही पोहोचला. नखाएवढे हे शिंपले ओल्या दोरीतून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. लॉकपोर्टनंतर आम्ही सरोवरांच्या भागात फिरायला जाणार आहोत, म्हणून ओली साधने गाडीत टाकून पुढे जायचे नाही, एक दिवस अंगणात वाळवायची.

दादाने काल विचारले, की मग खायला काहीच आणायचे नाही का? आणायचे आहे. काठावरच्या तिसऱ्या दिवशी साठ सेंटीमीटरच्या आतला एखादा कॅटफिश मिळाला तर तो घरी येईल, आणि आत्याच्या पद्धतीने, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात आणि आमसुलात त्याचे कालवण होईल. आमसुले तो येताना घेऊन येणार आहे. मी त्याला सोबत जुने बूट आणि लांब बाह्यांचे दोन सदरे आणायला सांगितले आहे, आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून रोज सकाळी नदीचे तापमान आणि विसर्ग वहीत लिहून ठेवण्याचे काम मुलीकडे दिले आहे.